पुन्हा एडिटर बदलायचा म्हणे!

दादरच्या आमच्या ऑफिसात तीन वर्षांत तिसऱ्यांदा तीच चर्चा: साइटला कुठला एडिटर, म्हणजे मजकूर टाकायची-सजवायची सोय, बसवायचा? दर वेळी निवड टूलबार बघून. कुणाला रंग हवेत, कुणाला टेबल. अहो, पण रोज मजकूर टाकणाऱ्या ताईंना विचारलंत का?

त्या वर्डमधून उचलून पेस्ट करतात. मागचं एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, उघडून बघा एकदा. चार ओळींच्या सूचनेत स्पॅनमध्ये स्पॅन (मजकुराच्या तुकड्याला वेगळं रूप देणारे टॅग), प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, वर वर्डच्याच ‘एमएसओ’ने सुरू होणाऱ्या स्टाइल्स. मोबाइलवर एक ओळ ढब्बी, दुसरी बारीक. मग रात्री घरी बसून ते निस्तरायचं मी.

आणि मराठीचे हाल तर विचारूच नका. ‘वार्‍यावर’ हा शब्द बरेच जण र आणि य यांच्यामध्ये एक न दिसणारं चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, घालून टाइप करतात. आमच्या एडिटरचा पेस्ट फिल्टर, म्हणजे पेस्ट केलेला मजकूर साफ करणारा भाग, ते कचरा समजून उडवतो, की झालं ‘वार्यावर’! वाचक बोल लावतात आम्हाला.

पर्याय काय कमी आहेत? टायनीएमसीई आहे, सीकेएडिटर आहे, वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर २०१८ पासून आहे. ठरवण्याआधी प्रत्येकात एक मराठी परिच्छेद पेस्ट करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, तेवढं तरी करा!