बुलेटचं हँडल, स्प्रिंगा आणि मूळपणा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया एवढी सविस्तर, की तिला 'मताचा आदर आहे' एवढं म्हणून वाटेला लावणं बरं दिसलं नसतं. इतरांसाठी आधी माझा मूळ लेख थोडक्यात सांगतो. माझ्या १९७२ च्या बुलेटच्या मानेत (हँडल जिथे फिरतं त्या नळीत) मी छर्‍यांऐवजी टेपर रोलर (निमुळत्या रुळांची) बेअरिंग बसवली, फोर्कला (पुढचं चाक धरणारे दोन पाय) नव्या स्प्रिंगा घातल्या आणि मागे गॅसचे शॉकअप लावले. काकांचं म्हणणं असं, की कंपनीने विचार करून बनवलेल्या गाडीत आपण शहाणपणा करू नये. हँडल हलत होतं तर मधली डँपरची (हँडलची हालचाल जड करणारी) गुंडी आवळायची, फोर्क मऊ वाटत होता तर जाड तेल भरायचं. फोटोत गाडी मागून उंच दिसतेय, म्हणजे हाताळणी बिघडलीच. आणि असल्या गाडीला विंटेज म्हणायचा आता मला हक्क नाही.

कंपनीच्या विचारापासून सुरुवात करू. बुलेटचं नाव मुळात झालं ते सस्पेन्शनमुळेच. १९४८ च्या आसपास बहुतेक मोटरसायकलींचं मागचं चाक फ्रेमला थेट जखडलेलं असायचं, नाहीतर प्लंजरवर (आसाच्या दोन्ही टोकांच्या उभ्या स्प्रिंगांवर) जेमतेम वरखाली व्हायचं. अशा वेळी इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फील्ड कारखान्यातल्या लोकांनी स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा, वरखाली झुलणारा दांडा) आणि तेलाचे शॉकअप लावून गाडी ट्रायल स्पर्धांच्या चिखलात उतरवली. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमधून ती सुवर्णपदकं घेऊन परतली. मागचं चाक असं हलायला लागलं तर पकड जाईल, असं सांगणारे जाणकार तेव्हाही होतेच. तुम्ही ज्याला 'मूळ' म्हणताय ते त्या काळचं अपग्रेड होतं.

पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही, कारण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. मी भाग बदलले, मापं बदलली नाहीत. मानेचा कोन, फोर्कची लांबी, चाकांचा आकार, शॉकअपची एका डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) दुसर्‍या डोळ्यापर्यंतची लांबी, यातलं काहीही कंपनीने ठरवलं त्याहून वेगळं नाही. गाडी रस्त्यावर कशी वागणार हे या मापांवर ठरतं. मानेत छर्रे आहेत की रोलर, हे बाहेरून कुणाला दिसतही नाही.

आता डँपरची गुंडी. ती आजही माझ्या गाडीवर आहे, चकत्यांसकट, पण पूर्ण सैल. तो घर्षणाचा डँपर आहे. हँडल हळू फिरवा की झटक्यात, तो साधारण तेवढाच अडवतो. वेग असताना ते चालून जातं. दादर टीटीला सिग्नलपासून सिग्नलपर्यंत सरकताना मात्र तोल सांभाळायला हँडल सतत किंचित हलवावं लागतं. आवळलेली गुंडी नेमकी तीच हालचाल अडवते आणि गाडी नागमोडी चालते. दुसरं म्हणजे गुंडी आवळल्याने थरथर दबते, कारण जागच्या जागीच राहतं. ते कारण सैल स्पोक असेल, वाकडा झिजलेला टायर असेल, स्विंग आर्मचे गेलेले बुश असतील किंवा मानेतले कप (छर्रे ज्यांत फिरतात त्या वाट्या) खड्डे पडून खराब झाले असतील. हे सगळं तपासल्याशिवाय गुंडीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या गाडीचे कप गेले होते. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं की बरोबर मध्ये आल्यावर ते खटकन बसायचं. असं का होतं? गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा हादरा छर्रे त्याच जागी कपवर मारतात. छर्‍याचा कपला स्पर्श एका बिंदूपुरता असतो, सगळा मार तिथेच बसतो आणि पोलादात बारीक खळगे पडतात. मग हँडलला सरळ रेषेच्या आजूबाजूला मोकळं हलताच येत नाही. ते एका खळग्यातून उडी मारून पुढच्यात जातं. टेपर रोलर पूर्ण लांबीभर टेकतो, म्हणून तोच मार रेषेवर वाटला जातो. ट्रकच्या पुढच्या चाकात ही बेअरिंग उगाच वापरत नाहीत.

तुम्ही लिहिलंत की नवे कप-कोन आणि नवे छर्रे टाकले असते तरी भागलं असतं. खरंय, भागलं असतं. जो गाडी रविवारीच काढतो त्याला मी तेच सुचवेन, स्वस्तही पडतं. मी जवळजवळ रोज चालवतो, म्हणून रोलर घेतले. बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला मिळाली. नव्या सेटची उंची कप-कोनच्या सेटपेक्षा थोडी वेगळी भरत होती, म्हणून कुर्ल्याच्या एका टर्नरकडून लेथवर एक रिंग करून घेतली. मानेला ना वेल्डिंग, ना ग्राइंडर. उद्या कुणाला छर्रे परत घालावेसे वाटले तर एका दुपारचं काम आहे.

बसवताना एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते, आणि माझ्या मते टेपर बेअरिंगची बदनामी तिथेच होते. रोलर छर्‍यांपेक्षा मुळातच थोडे जड फिरतात. मेकॅनिकने सवयीने नट करकचून आवळला की हँडल आपोआप मध्ये येईनासं होतं, गाडी एका बाजूला झुकून राहते आणि मग सगळे म्हणतात, 'बघा, छर्रेच बरे होते.' नट खेळ जाईपर्यंतच आवळायचा. पुढचं चाक हवेत ठेवून फोर्कचे पाय पुढेमागे ओढून बघायचे, कटकट जाणवता कामा नये. मग हँडल मध्यावरून किंचित ढकलून सोडायचं. ते आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत पडलं पाहिजे. केबल आणि वायरिंग कुठे अडत नाही ना, तेही तेव्हाच बघायचं. काही शे किलोमीटरनंतर रेस (रोलर ज्यांवर फिरतात त्या कड्या) नीट बसल्या की पुन्हा एकदा तपासायचं.

जाड तेलाचा सल्ला मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्यावर जरा सविस्तर लिहितो. फोर्कमध्ये दोन कामं चालतात. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंगची हालचाल आवरायचं काम तेलाचं. गाडी उभी असताना तेल एक ग्रॅमही पेलत नाही. माझ्या जुन्या स्प्रिंगा इतक्या बसल्या होत्या की मी नुसता बसलो तरी फोर्कची अर्ध्याच्या जवळपास चाल संपायची. साधारण पाव ते एक तृतीयांश संपणं ठीक. त्यापुढे गेलं तर खड्ड्यासाठी शिल्लक काय राहणार? हे मोजणंही सोपं आहे. चाकाच्या आसापासून कॅस्केटच्या (हेडलाइटच्या घराच्या) खालच्या कडेपर्यंत टेप लावायची, आधी चाक हवेत असताना आणि मग आपण गाडीवर बसल्यावर. दुसर्‍याला टेप धरायला सांगायचं, एवढंच.

बसलेल्या स्प्रिंगांवर जाड तेल भरलं की काय होतं? जुन्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून आणि फटींतून ढकललं जातं. अशा भोकातून दुप्पट वेगाने तेल ढकलायचं तर जवळपास चौपट जोर लागतो. ब्रेक दाबल्यावर फोर्क हळू खाली जातो, तिथे या रचनेचा अटकाव अपुरा पडतो. पेव्हर ब्लॉकच्या तीक्ष्ण कडेवर चाक झटक्यात वर येतं, तिथे तोच अटकाव नको इतका होतो. तेल जाड केलं की पहिली तक्रार थोडी कमी होते आणि दुसरी फार वाढते. फोर्क क्षणभर जणू जाम होतो आणि धक्का थेट मनगटात येतो. वर परत यायलाही त्याला वेळ लागतो, तोवर पुढचा खड्डा आलेला असतो. लागोपाठ खड्ड्यांत फोर्क खालीखालीच दबत जातो. आपल्याकडे एकटा खड्डा असतो कुठे? गणपतीच्या आधी जे बुजवतात तेही पेव्हर ब्लॉक टाकून, म्हणजे खड्ड्याच्या जागी उंचवटा.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे स्प्रिंगवर पाइपचा तुकडा किंवा वॉशर टाकणं. मुलाला पाटावर उभं केलं म्हणून त्याची ताकद वाढत नाही, उंची वाढते, तसंच ते. गाडी पुढून वर येते, स्प्रिंग आहे तेवढीच मऊ राहते. म्हणून नव्या स्प्रिंगा, आणि तेल मात्र पुस्तकात सांगितलंय तेच आणि तेवढंच. दोन्ही पायांत सारखं.

आता उंचीबद्दल. तुमची नजर अचूक आहे, गाडी मागून पूर्वीपेक्षा उंच झालीय. पण नवे शॉकअप मूळ लांबीचेच आहेत, जुन्यांच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. बसलेली बुलेट इतकी वर्षं बघून आपल्या डोळ्यांना तीच मूळ वाटायला लागली आहे. तुमची काळजी तत्त्वतः योग्यच आहे. बुलेटच्या दोन चाकांतलं अंतर साधारण १३७० मिलिमीटर. मागचा भाग मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटर वर गेला तर मानेचा कोन साधारण एका अंशाने उभा होतो आणि ट्रेल (मानेची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) सहा-सात मिलिमीटर घटते. ट्रेल कमी म्हणजे हँडल हलकं आणि वेगात चंचल. साइडकार जोडताना ती मुद्दाम कमी करतात, पण एकट्या गाडीला ते नको. लांब शॉकअप लावून गाडी मागून 'मस्त दिसते' म्हणणार्‍यांना तुम्ही झापलंत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. फक्त हेही लक्षात घ्या, की पुढच्या स्प्रिंगा २५ मिलिमीटर बसल्या तरी कोन तितकाच बिघडतो. म्हणजे हात न लावलेली गाडीही मूळ मापात राहत नाही.

गॅस कशासाठी? शॉकअप सतत वरखाली होत राहिला की आतल्या तेलात फेस होतो आणि फेस काहीच आवरत नाही. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही.

तुम्ही खंडाळ्याचा घाट याच सस्पेन्शनवर अनेकदा चढलात, त्याबद्दल शंका नाही. पण तेव्हा तुमची गाडी नवी होती, कप गुळगुळीत होते, स्प्रिंगा ताठ होत्या. माझीने पन्नाशी ओलांडलीय. शिवाय घाट हा बुलेटचा कधी प्रश्नच नव्हता, तिथला रस्ता वळणाचा असला तरी सलग आहे. मुंबईत जिथे रस्ता गुळगुळीत तिथे आपल्याला प्रवेश नाही. सी लिंकवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, जे. जे. पुलावरही बंदी. खालून मोहम्मद अली रोडने जायचं आणि काँक्रीट जिथे संपतं त्या पायरीवरून उतरायचं. पुलांचे सांधे मोजत नाही.

विंटेजच्या हक्काबद्दल मात्र भावनेने बोलण्यापेक्षा नियम बघू. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज मानली आहे. बेअरिंग आणि स्प्रिंग हा चेसिसमधला फेरफार आहे असं मला त्यात कुठे दिसत नाही. मान कापून दुसर्‍या गाडीचा अख्खा पुढचा भाग जोडणं हा आहे, आणि तसं करणार्‍याला मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आडवं येईल ते वेगळंच. मी विंटेज गाड्यांना देतात तो 'व्हीए' मालिकेचा नंबर घेतलेला नाही, कारण त्या नोंदणीवर गाडी नेहमीच्या वापरासाठी काढता येत नाही. मला ती वापरायची आहे. डिस्क ब्रेक, अलॉय व्हील, उलटा फोर्क यांच्या वाटेला मी जाणार नाही, हे मूळ लेखातही लिहिलं होतं. बहुधा तुमच्या नजरेतून सुटलं.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, जुने कप-कोन आणि स्प्रिंगा भंगारात घालणार असाल तर मला द्या. त्या देणार नाही. ग्रीस लावून, बांधून, चिठ्ठी घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवल्यात, पुढच्या मालकाला लागतील. पण डँपरच्या घर्षणाच्या चकत्यांचा एक जादा जोड माझ्याकडे पडून आहे. तुमच्या गाडीला बसत असेल तर इथेच कळवा, पैसे नकोत.