पाणी दोघांच्याही पाठीवर हवं!

कितीदा सांगायचं? पावसाळा सरला की जळगाव-धुळ्याकडची जोडपी पाटणादेवीला येतात, गौताळ्याच्या डोंगरात शिरतात, आणि दोघांत मिळून पाणी किती? एक लिटरची बाटली! ऑक्टोबरचं खानदेशी ऊन आहे हे. दिवसभराला माणशी तीन लिटर लागतं, वर ओआरएसची पाकिटं, लिटरला एक. निघायचं सकाळी सहाला, तर चढायला लागतात अकराला. तोवर काळा कातळ तापलेला, आणि उतरेपर्यंत अंधार.

बरं, बॅग एकच, तीही नवऱ्याच्या पाठीवर. पाणी त्यात, बॅटरी त्यात, भाकरी-ठेचाही त्यातच. आणि हा झपाझप पुढे! बायको मागे, रिकाम्या हातांनी, पायात गुळगुळीत तळव्याची नवी सँडल. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर तो तळवा टिकेल कसा? चढताना निभावतं. उतरताना टाच सरकते, हात आधी टेकतो आणि मनगट मोडतं. हाक ऐकायला कोणी नाही, घळीत फोनला रेंज नाही. दोन बॅगा घ्यायला काय जातं? सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवलं तर कमीपणा येतो का?

वर कपारीत आग्या मोहोळ, आणि खाली अत्तर फवारून, सिगारेट पेटवून मोबाईलवर गाणी! माश्या उठल्या तर डोकं-तोंड झाकून, हात न झटकता लांब पळायचं असतं, एवढंही ठाऊक नसतं. आणि कुठल्या वाटेनं जातोय, कधी परतणार, हे घरी एका माणसाला तरी सांगून निघाल का?