पाट्या, रंगीत भिंती आणि ‘फोन आहे ना!’: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठाच्या सामायिक इमारतींत रंगीत भिंती, मोठाले आकडे आणि दिशादर्शक पाट्या म्हणजे नुसती सजावट. विद्यार्थी आठवड्यात रुळतात, बाकीच्यांकडे फोन असतो. मग पैसे कशावर खर्चायचे?

आधी फोनचं. उपग्रहाचा सिग्नल काँक्रीटच्या आत क्षीण होतो. दारापर्यंत फोन नीट आणतो. पुढे तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात की तिसऱ्या, हे त्याला बहुधा उमगत नाही. लोक अडतात ते तिथेच.

विद्यार्थी रुळतात हे खरं, पण परीक्षेला बाहेरून आलेला उमेदवार किंवा मुलाखतीला आलेली व्यक्ती रोज नवीच असते. शिवाय रुळलेल्या माणसाला वाट विचारून पाहा. ‘जुन्या ऑफिसपाशी वळा’ म्हणेल, आणि ते ऑफिस तिथून कधीच हललेलं असेल!

भिंतींबाबत तुम्ही अर्धे बरोबर आहात. सगळ्या मजल्यांवर एकच नक्षी काढली, तर तो रंगाचा खर्चच. पण जिन्यातून बाहेर पडताच समोर भलामोठा ‘३’ आणि फक्त त्या मजल्याचा रंग दिसला, तर ती खूण डोक्यात बसते. नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये शहरांबद्दल लिहिताना अशा ठळक खुणांचं महत्त्व दाखवलं होतं. एकसारख्या कॉरिडॉरमध्ये तर त्यांची गरज जास्तच. मात्र आकड्याशिवाय नुसता रंग नको. लाल-हिरव्यातला फरक अनेकांना, विशेषतः पुरुषांना, नीट दिसत नाही.

खरी गंमत ‘तुम्ही इथे आहात’ वाल्या नकाशात असते. उत्तर दिशा वर धरून एकच चित्र काढायचं आणि त्याच्या प्रती सगळ्या भिंतींवर चिकटवायच्या, हा स्वस्तातला मार्ग. उत्तरेकडे तोंड करून बघणाऱ्याला तो नकाशा बरोबर लागतो. समोरच्या भिंतीवरची प्रत बघणाऱ्याचं तोंड दक्षिणेला; नकाशात डावीकडे असलेलं ग्रंथालय प्रत्यक्षात त्याच्या उजवीकडे. तो बिचारा खात्रीने उलट्या दिशेला चालू लागतो. मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकातच हे मांडलं होतं: बघणाऱ्याच्या समोर जे आहे, ते नकाशात वर हवं. तरी चूक चालूच आहे.

‘पाट्या वाढल्या की गोंधळ वाढतो’ हे तुमचं वाक्य मला पूर्ण पटतं. पाटी हवी ती निर्णयाच्या जागी: जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टसमोर, वाट फुटते तिथे. खोलीचा क्रमांक दारावर लावला, तर दार उघडं असताना तो दिसतच नाही. अमेरिकेतल्या नियमांत उठावाच्या अक्षरांची पाटी कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून ४८ ते ६० इंचांच्या पट्ट्यात लावायला सांगितलंय, म्हणजे दृष्टिहीन माणसाला ती कुठे चाचपायची हे ठाऊक असतं.

राहिला पैशांचा प्रश्न. आधी इमारतीत फिरून कर्मचाऱ्यांनी चिकटवलेले कागद बघा: ‘परीक्षा विभाग इथे नाही’, ‘वाचनालय वरच्या मजल्यावर’. दिवसभर तेच तेच उत्तर देऊन कंटाळलेल्या कुणीतरी ते लावलेले असतात. त्यांचे फोटो काढा, जागा नकाशावर मांडा आणि पहिल्या पाट्या तिथेच लावा. मग ते कागद काढून टाकायला विसरू नका.