'सडेतोड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: खोबरेल, गंज आणि माझं फ्रान्स

घडीच्या चाकूवरच्या माझ्या लेखाखाली 'सडेतोड' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी शनिवारी रात्री पावणेबाराला भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीय. तिथल्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे वेगळं लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात त्यांचं म्हणणं असं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा घडीचा चाकू, कार्बन स्टीलचा (म्हणजे स्टेनलेस नव्हे, गंजू शकणारा), आकाराने नंबर ८, घ्या असं मी सुचवलं ते आपल्या दमट हवेत मूर्खपणाचं आहे, लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि चाकू उघडतच नाही, खोबरेल लावा हा सल्ला अडाणी आहे कारण ते खवट होतं, उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या रिंगचं साल चुकलंय, घ्यायचाच तर नंबर १२ घ्यावा म्हणजे निदान भाजी तरी चिरता येईल, असा चाकू खिशात ठेवणं कायद्यात बसतं का ते लिहिलेलं नाही, आणि घरोघरी विळी असताना ही थेरं कशाला. शेवटचं वाक्य मात्र जसंच्या तसं देतो: "फ्रान्सला जाऊन आलात हे कळलं, आता पुरे."

आधी चूक. रिंगचं साल चुकलंय, शंभर टक्के मान्य. जोसेफ ओपिनेलने १८९० साली सावोयमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या आल्प्सकडच्या भागात, हा चाकू केला तेव्हापासूनच त्याला ती फिरवायची रिंग होती असं मी लिहून गेलो. तसं नाहीये. रिंग, म्हणजे ज्याला ते विरोब्लॉक म्हणतात ते, मार्सेल ओपिनेलने १९५५ साली बसवलं, त्याआधी पातं नुसतं लाकडाच्या घट्टपणावर उभं राहायचं. आणि बंद असतानाही लॉक होणारी रिंग तर २००० सालची. लेखात दुरुस्त करतोय, आभारी आहे. पण एवढं सांगायला "अभ्यास न करता लेखण्या सरसावणारे" असं म्हणायची काय गरज होती ते मला कळलं नाही. साल चुकलंय, साहेब, कोणाचं घर नाही बुडालं.

आता ते फ्रान्सचं. खरं सांगायचं तर बाकी सगळं मी दोन ओळींत संपवलं असतं, पण हे वाक्य रविवारभर डोक्यात होतं. बायकोला वाचून दाखवलं तर ती हसली, ते अजून वेगळं.

मी मुद्दाम माझा लेख परत उघडून मोजलं. फ्रान्स हा शब्द चार वेळा आलाय, त्यातला एक कंपनी कुठली आहे ते सांगताना आणि एक मथळ्याखालच्या फोटोच्या ओळीत. फ्रान्सचा चाकू आहे तर फ्रान्स म्हणू नको तर काय मिरज म्हणू का? पैठणीवर लिहिणारा येवल्याचं नाव घेतो तेव्हा त्याला कोणी म्हणत नाही की येवल्याला जाऊन आलात हे कळलं.

आणि मी गेलो तो काही आयफेल टॉवरसमोर फोटो काढायला गेलो नव्हतो. २०११ मध्ये कंपनीने ग्रेनोबलला मशीन उभारणीच्या कामाला पाठवलं, चौदा महिने, त्यातला अख्खा हिवाळा शेडमध्ये. आमच्यासोबत एक फिटर होता, मोरियेन खोऱ्यातला, सँ-जाँ-द-मोरियेनच्या वरच्या कुठल्याशा गावचा, म्हणजे हा चाकू जिथे जन्मला त्याच भागातला. दुपारी तो पेटीवर बसायचा, पँटच्या खिशातून चाकू काढायचा, पातं काळंनिळं झालेलं, मूठ हाताच्या मळाने चॉकलेटी झालेली. चीजचा तुकडा कापायचा, एक मला द्यायचा, मग पातं पावाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी पुसायचा आणि तोच पाव खायचा. मग पातं पँटीवर एकदा, आणि घडी. रोज. त्याच्या चाकूला मी एकदाही तेल लावलेलं बघितलं नाही आणि गंजही बघितला नाही.

माझा चाकू मी तिथल्या सिगरेटी-लायटर-लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या दुकानातून घेतला, दहा युरोच्या आत. लायटरच्या शेजारी बरणीतल्या गोळ्यांसारखे ठेवलेले असतात. तिथे हा चाकू गुराख्याच्या, सुताराच्या, प्लंबरच्या खिशातला आहे, तो मिरवायचा म्हटलं तर लोक हसतील. इथे आयात होऊन येईपर्यंत त्याची किंमत वाढते, त्याला मी काय करू. तुम्हाला तो मिरवण्यातला वाटला याचं कारण तो परदेशी आहे, आणि परदेशी वस्तू म्हणजे मिरवणं हे समीकरण माझ्या लेखात नाहीये, ते तुमच्या डोक्यातलं आहे. कडक लिहितोय, पण सुरुवात मी केलेली नाही.

आता विळी. विळी काढलीत ते बरंच झालं. तुमच्या घरच्या विळीचं पातं कसलं आहे हो? जुनी असेल तर साधं लोखंडी, म्हणजे कार्बन स्टीलच, लोहाराकडचं. तिच्यावर लिंबू चिरलं की काळी पडते, कैरी चिरून तशीच ठेवली की दुसऱ्या दिवशी तांबूस डाग. म्हणून तर घरातली बाई भाजी झाली की आधी विळी धुऊन कोरडी करते, मग बाकीचं. हेच मी नंबर ८ बद्दल तीन पानं सांगत होतो. दमट हवेत कार्बन स्टील मूर्खपणा असेल तर आपल्या चार पिढ्या मूर्ख, कारण कोयता, विळी, खुरपं, अडकित्ता, सगळं त्याच लोखंडाचं. त्याच प्रतिक्रियेत वर कार्बनला नावं ठेवायची आणि खाली विळी वापरा म्हणायचं, हे लिहिताना वर काय लिहिलं ते वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

आणि दमट हवा काय ते मला शिकवू नका. माझे आजोबा राजापूरकडे हापूसची कलमं बांधायचे. आधी भेट कलमं, नंतर दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून पसरलेली कोय कलमं. कोय कलम ऐन पावसाळ्यात बांधतात, जून-जुलै-ऑगस्ट, जेव्हा कोकणात भिंतीलासुद्धा शेवाळ धरतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांचं कोवळं, अजून तांबूस रोप असतं, त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध उभा चिरायचा, आणि हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करून त्यात बसवायची. तासायचं एका दमात. पातं अडखळलं, जरा जरी बोथट असलं, की साल चेचते आणि कलम मरतं. आजोबांचा चाकू घडीचा होता, शिसवी मूठ, पात्यावर ना नाव ना गाव, बाजारातून घेतलेला, कार्बनचाच. दिवसभर चीक आणि पाऊस.

ते काय करायचे सांगतो. कलम बांधून झालं की पातं पंच्याला पुसायचे, आणि मग पात्याची चपटी बाजू डोक्यावरून मागे फिरवायचे, एकदा ही बाजू, एकदा ती. डोक्याला सकाळी चोपडलेलं खोबरेल पात्याला लागायचं. हा त्यांचा ऑइलिंगचा कार्यक्रम. तो चाकू आज माझ्याकडे आहे, पातं झिजून अर्ध्यावर आलंय पण गंजाने खाल्लेलं नाही. तेव्हा "खोबरेल लावणं अडाणीपणा" हे वाचल्यावर मला राग आला तो माझ्यासाठी नव्हे.

आता शांतपणे. खवट होण्याचं म्हणाल तर सगळी खाद्यतेलं कधी ना कधी होतात, पण शेंगदाणा, सूर्यफूल यांच्यापेक्षा खोबरेल बरंच टिकतं, आणि ती दोन्ही तेलं वाळली की चिकट होऊन सांध्यात डिंकासारखी बसतात. खोबरेलाचा खरा दोष वेगळा आहे आणि तो तुम्ही लिहिलाच नाहीत, तो मीच सांगतो. ते चोविसेक अंशांच्या खाली गोठतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी माझ्या चाकूच्या सांध्यात पांढरं लोणी बसलेलं असतं आणि पातं जड उघडतं. ज्यांना ते नको असेल त्यांनी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणावं. त्याला वास नाही, ते खवट होत नाही, पोटात गेलं तरी बिघडत नाही, कारण ते मुळात पोट साफ होण्याचंच औषध आहे. दुकानदार सहानुभूतीने बघतो तेवढं सहन करायचं. सांध्यात एक थेंब, पात्यावर बोटाने पुसट हात. आणि मुठीसाठी जवसाचं तेल, ते लाकडात मुरून वाळतं. ते सांध्यात घालू नये, तिथेही वाळेल.

काळेपणा आणि गंज यात गल्लत करू नका, प्रतिक्रियेत ती झालीय. कांदा, लिंबू, कैरी, सफरचंद कापून पातं निळं-करडं होतं तो थर पात्याचं रक्षण करतो, तो घासून चकचकीत करायचा नसतो. तांबूस, बोटाला लागणारा डाग दिसला तर तो गंज, तो खायच्या सोड्याची लगदी लावून बुचाने चोळला की जातो. आमची आई राखेने काढायची. चिंच मात्र तांब्या-पितळेसाठी, चाकूला लावली तर रडाल.

नंबर १२. पातं बारा सेंटीमीटरचं, मूठ त्याहून लांब, खिशात घालून रिक्षात बसून बघा. भाजी चिरायला घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण मग तो खिशातला चाकू राहिला का? आठचं पातं साडेआठ सेंटीमीटर, सफरचंद सोलायला, सुतळी कापायला, पार्सल फोडायला पुरतं. हात लहान असेल तर नंबर सहा, त्याचं पातं सात सेंटीमीटरचं. घेताना नंबरापेक्षा हे बघा की घडी घातल्यावर पातं खाचेच्या मधोमध बसतंय, एका भिंतीला घासत नाही, आणि रिंग बोटाने फिरते पण आपोआप सरकत नाही. लाकूड आहे, प्रत्येक नग वेगळा, दुकानात तीन-चार उघडून बघायला लाजू नका. पात्यावर मुकुट घातलेला हात असतो, १९०९ पासूनची खूण. इथे ऑनलाइन नकली पण मिळतात.

धार दारावर चाक घेऊन येणाऱ्याकडे देऊ नका, तो दोन मिनिटांत दोन वर्षांचं पातं खातो आणि कडा तापवून टाकतो. कुरुंदाचा किंवा पाण्याचा दगड घ्या, दर बाजूला वीसेक अंश. वीस अंश म्हणजे किती ते कळायला मी रुपयाची चार नाणी एकावर एक ठेवून त्यावर आठ नंबरच्या पात्याची पाठ टेकवून बघतो, साधारण तोच कोन. मग नाणी काढायची, हात लक्षात ठेवतो.

कायदा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा विषय आहे, हे सव्वातीन इंच, याला बटण नाही की स्प्रिंग नाही. विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका, काढून घेतील. झालं.

राहिलं मूठ फुगण्याचं. फुगते. बीचचं लाकूड आहे, पाणी पितं. गेल्या जुलैत सासुरवाडीला, चिपळूणला, फणस फोडायच्या वेळी सगळ्यांसमोर माझा उघडला नाही, मेहुण्याने कोयती आणून दिली, तेव्हा हा अनुभव मला नाही असं समजू नका. त्यावर सावोयच्या लोकांची युक्ती आहे, मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं, पातं झटक्याने नखभर बाहेर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. तेव्हा ती चालली नाही हे खरं, कारण चाकू आदल्या दिवशी कोणीतरी भांड्यांबरोबर पाण्यात टाकला होता. दोन दिवस वाऱ्यावर वाळवून, खाचेतून पॉलिश पेपरची घडी चार वेळा फिरवून आता व्यवस्थित आहे. पाण्यात बुडवून ठेवायचा नाही हे मी लेखात लिहिलंच होतं. पावसाळ्यात काय करायचं हे लिहिलं नव्हतं, ते वेगळं.

याउप्पर तुम्हाला लिहायचं असेल तर स्वतःच्या नावाने लिहा, मीही नावानेच लिहितो.

लेखात साल बदललंय. खोबरेल तसंच ठेवलंय. आणि "किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी स्टेनलेसचा, म्हणजे पात्यावर इनॉक्स लिहिलेला घेतला तरी चालेल" अशी एक ओळ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घातलीय. ती मी आधीच लिहिणार होतो.