खुलासा : कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीसाठी आधी एफआयआर सक्तीचा नाही

‘पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवल्याशिवाय संरक्षण अधिकारी महिलेचा अर्ज घेत नाहीत’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. (संरक्षण अधिकारी म्हणजे कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या महिलांच्या मदतीसाठी राज्य सरकारने नेमलेला अधिकारी.)

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ नुसार पीडित महिला, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. त्यासाठी एफआयआरची अट नाही. संरक्षण अधिकारी विहित नमुन्यात घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्यात हिंसा कधी, कुठे, कोणी व कोणत्या प्रकारे केली यांचे रकाने असतात, आणि मारहाणीइतकीच जागा शिवीगाळीला आणि घरखर्च रोखण्यालाही असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

गैरसमजाचे मूळ बहुधा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये, म्हणजे पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या छळाच्या कलमात आहे. ते फौजदारी कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ व्या क्रमांकावर असून तिथे गुन्हा नोंदवावा लागतो. संरक्षण, निवास व आर्थिक साहाय्याचे आदेश मागण्याचा मार्ग मात्र निराळा आहे. अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ पोलिसांनी हात झटकावेत असा नाही. तक्रार घेऊन आलेल्या महिलेला संरक्षण अधिकारी, मोफत विधी सेवा आणि गुन्हा नोंदवण्याचा हक्क यांची माहिती देणे हे कलम ५ नुसार त्यांचे कर्तव्यच आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा १८१ वर फोन करता येतो.