गोठ्याचे पैसे कोणी दिले?

भायखळ्याच्या बाजूला आमची मराठी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचं चर्च, आहे. गेल्या नाताळात तिथल्या एका कला शिकणाऱ्या मुलाने येशूजन्माचा गोठा बांधला तो ट्रान्झिट कॅम्पातल्या, म्हणजे घर गेलेल्यांच्या तात्पुरत्या वसाहतीतल्या, खोलीसारखा. निळी ताडपत्री, गंजका पत्रा, दाराशी पाण्याचा ड्रम, देवदूत बसवलेला विजेच्या मीटरवर. योसेफाच्या हातात कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. दोन दिवसांत मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने तो हलवायला लावला. उपासनेच्या जागी राजकारण नको म्हणे. मग मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तट पडले. एकांच्या भावना दुखावल्या, दुसऱ्यांना कलाकाराची गळचेपी दिसली.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बसून मी ते सगळं वाचत होते. साधा प्रश्न कोणालाच पडला नाही, की ताडपत्रीपासून दिव्यांच्या माळांपर्यंत खर्च कोणी केला? त्या पोराने, स्वतःच्या खिशातून. मंडळीने त्याला 'कर काहीतरी छानसं' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. सगळ्या भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं. आपण कलाकाराला रीतसर काम सांगत नाही, मोबदला देत नाही, आधी बसून बोलत नाही. काम समोर आलं की मग मात्र आपल्या सगळ्यांना मत फुटतं.

मी राहते त्या शहरातलं जुनं कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात जळालं. भिंती तशाच ठेवून शेजारी नवं बांधलं, ते १९६२ मध्ये खुलं झालं. वास्तुकार बेसिल स्पेन्स यांनी आपल्या काळातले खंदे कलाकार गोळा केले. वेदीमागचा ग्रॅहम सदरलँड यांचा ख्रिस्त विणलेला आहे, जवळजवळ २३ मीटर उंच. त्याच्या पायांशी उभा केलेला माणूस केवढासा दिसतो! बाहेरच्या भिंतीवर सैतानाला पायाखाली घेतलेला देवदूत मिखाएल आहे, शिल्पकार जेकब एपस्टाइन यांचा. एपस्टाइन ज्यू. कमिटीत कोणीतरी तशी शंका काढली, तेव्हा येशूही ज्यूच होता, असं स्पेन्स यांनी सुनावलं, असं इथे आवडीने सांगतात.

आपल्याकडे हा किस्सा सांगितला की लोक म्हणतात, तिकडची माणसं उदार. कसली उदार! १९४४ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या चर्चमध्ये हेन्री मूर यांची माता-बालकाची मूर्ती बसली, तेव्हा स्थानिक वर्तमानपत्रात संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला होता. मूर्ती राहिली, कारण वॉल्टर हसी या पाद्र्याने ती स्वतः मागवली होती आणि तो तिच्या पाठीशी उभा राहिला. शिवाय चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गावच्या देवळात असं कायमचं काही बसवायचं तर धर्मप्रांताची रीतसर परवानगी लागते. दारावर २८ दिवस नोटीस लागते, हरकत लेखी द्यावी लागते. अतिशय कंटाळवाणी पद्धत आहे. पण तिच्यामुळे भांडण काम बसायच्या आधी होतं, तेही सही करून.

इथलं सगळंच उचलावं असं नाही. अनेक देवळांत कलाकृती उत्तम आणि रविवारी डोकी मोजकी, कॉफीच्या काउंटरवर गर्दी वेदीपेक्षा जास्त. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना, ती गर्दीची प्रार्थना, पाहिलेल्या माणसाला ते ओकंबोकं वाटतं. वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या पायथ्याशी मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकतात, नवस बोलायला. हात दुखत असेल तर मेणाचा हात वाहायचा. इतक्या थेट शिल्पकलेला कॉव्हेंट्रीत गिऱ्हाईक मिळायचं नाही.

आणि आपल्याकडे हे कधी जमलंच नाही असंही नाही. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं; त्यांची पदं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून आम्ही आजही पेटी-तबल्यावर म्हणतो. दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची इमारत सत्तरच्या दशकात वास्तुकार चार्ल्स कोरियांकडून करवून घेतली. काम सांगितलं, झालं.

नाही सांगितलं तेव्हा काय होतं तेही आहेच. चित्रकार अँजेलो दा फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, सावळी केली. गोव्यातल्या धर्मगुरूंना ते रुचलं नाही, आणि या माणसाने आयुष्याचा मोठा काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईत वाढले, १९४९ मध्ये लंडनला निघून आले. त्यांचं १९५९ चं काळंकभिन्न, काटेरी 'क्रूसिफिक्शन' (क्रूसावरचा ख्रिस्त) आज इथल्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. तसलं चित्र वेदीवर लावा असं मीही म्हणणार नाही. प्रार्थनेला डोळे मिटणं कठीण होईल. पण कुठल्या तरी चर्चच्या एखाद्या सभागृहात तरी?

कमिटीची भीती मी समजू शकते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते केवळ धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाची ही गत, तर मरियेला नऊवारी नेसवली की कोणी धर्मांतराचा डाव म्हणेल, नाही नेसवली की परके म्हणेल. तेव्हा गप्प प्लॅस्टरचा गोठा मांडावा, हे शहाणपणाचं वाटतं. पण या भीतीचं बिल त्या एकट्या पोराने का भरायचं?

भायखळ्याहून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणजे लोकलने तीन स्टेशनं. मंडळीच्या अंदाजपत्रकात साउंड सिस्टीमला रक्कम असते, पडद्यांना असते, वार्षिक जेवणाला तर असतेच. त्यात कलाकाराच्या मानधनाची एक ओळ घाला आणि जूनमध्येच एखाद्या विद्यार्थ्याला बोलावून कच्ची रेखाटनं मागा. तो ख्रिस्तीच हवा असंही नाही. ती महिनाभर फलकावर लावा, हरकती नावानिशी घ्या. हे मी आत्याला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "देवाच्या कामाचे कसले गं पैसे?" आत्या कमिटीवर आहे, खजिनदार.