ग्रँट काय फक्त संख्येवर जिंकला?

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धावरची (१८६१–६५) एक पोस्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. तिच्यात म्हटलंय की उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतला सुमार विद्यार्थी, दारूपायी सैन्यातून गेलेला, सैनिकांची पर्वा नसलेला ‘खाटीक’. जिंकला तो केवळ माणसं जास्त होती म्हणून. वर स्वतः गुलाम बाळगणारा. आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली? प्रतिभावंत आणि मनातून गुलामगिरीविरोधी. (हा ग्रँट आपल्या ग्रँट रोडचा नव्हे. तो मुंबईचा गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट.)

वर्गातल्या नंबराचं आधी उरकू. १८४३च्या तुकडीत ग्रँट ३९ जणांत २१वा आला, हे खरं. पण १८४६च्या तुकडीत दुसरा आलेला मॅक्लेलन पुढे उत्तरेची सगळ्यात मोठी फौज हाताशी असून दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या वेशीवरून परतला. नंबरावरून सेनापती ठरवायचे तर मग बोलायलाच नको.

दारूची गोष्ट पूर्ण खोटी नाही. बायकामुलांपासून दूर, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यात तो प्यायचा आणि १८५४ मध्ये त्याने कॅप्टनपदाचा राजीनामा दिला. मात्र त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं नव्हतं. पुढची वर्षं हलाखीची गेली: शेती बुडाली, सेंट लुईसमध्ये सरपण विकलं, शेवटी वडिलांच्या चामड्याच्या दुकानात नोकरी. युद्धातही रॉलिन्स हा त्याचा सहायक त्याच्या पिण्यावर डोळा ठेवून असे. पण दारूपायी त्याने अमुक लढाई घालवली, असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

आता मुख्य आरोप, संख्याबळाचा. चान्सेलर्सव्हिलच्या लढाईत १८६३च्या मे महिन्यात उत्तरेच्या हूकरकडे लीच्या दुपटीहून अधिक माणसं होती, तरी तो सपाटून हरला. म्हणजे संख्या ग्रँटच्या आधीच्यांकडेही होती. त्याच महिन्यात पश्चिमेला ग्रँट काय करत होता ते बघा. मिसिसिपी नदीवरचं दक्षिणेचं ठाणं व्हिक्सबर्ग उत्तर दिशेने हाती येईना. आपल्या आरमाराचा अधिकारी पोर्टर याची जहाजं रात्रीच्या अंधारात किल्ल्याच्या तोफांखालून पुढे काढली, सैन्य पलीकडच्या काठाने दक्षिणेला नेलं आणि ३० एप्रिलला ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडली. मग रसदीची लांब शेपटी फारशी न सांभाळता बराचसा शिधा मुलखातूनच उचलत तो आत घुसला. शत्रू व्हिक्सबर्ग आणि जॅक्सन अशा दोन ठिकाणी विखुरलेला होता. या दोन फौजांची गाठ पडू न देणं, यातच सगळा डाव होता. आधी जॅक्सन घेतलं, मग पश्चिमेला वळून चॅम्पियन हिलला व्हिक्सबर्गचा सेनापती पेंबर्टन याला हरवलं. तीन आठवड्यांच्या आत पाच लढाया जिंकून त्याने वेढा घातला आणि ४ जुलैला सुमारे २९ हजार सैनिक शरण आले. याला रेटारेटी म्हणायचं असेल तर चलाखी कशाला म्हणायचं?

‘खाटीक’ हा शिक्का लीविरुद्धच्या १८६४च्या मोहिमेचा. कोल्ड हार्बरचा ३ जूनचा हल्ला अक्षम्यच होता. त्याची खंत ग्रँटने आत्मचरित्रात स्वतः नोंदवली आहे. पण गेटिसबर्गच्या लढाईत उघड्या मैदानातून सुमारे साडेबारा हजार माणसं लीनेच पाठवली आणि त्यातली निम्मी पडली किंवा पकडली गेली. आपापल्या फौजेच्या प्रमाणात मोजलं तर लीने ग्रँटपेक्षा जास्त माणसं गमावली. फौजेच्या फौजा शरण आणण्याचं म्हणाल, तर डोनेल्सन किल्ला, व्हिक्सबर्ग आणि खुद्द ली शरण आला ते अ‍ॅपोमॅटॉक्स अशा तीन वेळा ते ग्रँटने केलं.

राहिली गुलामगिरी. पोस्ट म्हणते, ग्रँटकडे युद्ध संपल्यावरही गुलाम होते. त्याच्याकडे विल्यम जोन्स नावाचा एक गुलाम होता, हे खरं. सासऱ्याकडे बरेच होते आणि ते ग्रँटच्या घरीही राबत, हेही लपवू नये. पण जोन्सला त्याने १८५९ मध्येच कोर्टात जाऊन मुक्त केलं, तेही पैशांची ओढाताण असताना. विकला असता तर चांगली रक्कम हाती आली असती. आणि सासरचं घर ज्या मिसुरीत, तिथे तर जानेवारी १८६५ मध्ये, म्हणजे युद्ध संपण्याआधीच, गुलामगिरी कायद्याने रद्द झाली होती. लीने १८५६च्या पत्रात गुलामगिरीला वाईट म्हटलं, एवढंच पोस्टवाले सांगतात. त्याच पत्रात, काळ्या लोकांना ही कठोर शिस्त त्यांच्या भल्यासाठीच लागते, असंही तो लिहितो. आपल्या सासऱ्याच्या गुलामांना लीने मुक्त केलं ते १८६२च्या अखेरीस, मृत्युपत्रात घालून दिलेली पाच वर्षांची मुदत संपल्यावर.